सात शून्यं आणि तेरा गोल

यंदाचा १३ जुलैचा रविवार आमच्या घरात कुणी विसरणार नाही. लॉर्ड्सवर कसोटीचा चौथा दिवस, दुपारी चारपासून विम्बल्डनची फायनल, आणि रात्री आठ वाजता स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनहून महिलांच्या युरो स्पर्धेतला इंग्लंड विरुद्ध वेल्स. टीव्ही एक आणि माणसं अकरा. त्यात ब्रिस्टलहून आलेले आमचे स्नेही, म्हणजे पुलापलीकडचे, म्हणजे इंग्लंडवाले. दिवसाचा खेळ संपला तेव्हा आपले ५८ ला ४ होते. त्यामुळे खिचडी आणि कढी वाढेपर्यंत निम्म्या घराला सुतक लागलंच होतं. उरलेल्या निम्म्याला ते रात्री लागलं. इंग्लंड ६, वेल्स १.

त्याआधी नेदरलँड्सने तीन आणि फ्रान्सने चार गोल घातले होते. एकूण तेरा. ब्रिस्टलच्या भाऊजींनी हिशोब करून मला विचारलं, "वहिनी, सेव्हर्न पुलाचा टोल बंद झाला तसा तुमच्या गोलचाही झाला की काय? येईल त्याला सरळ आत!"

विनोद चांगला होता, मीही हसले. पण रात्री भांडी लावताना तो घशात अडकल्यासारखा झाला. या सदरात आजवर मी वेल्श भाषेच्या वर्गावर लिहिलं, पावसावर लिहिलं, ओल्या भिंतींवर लिहिलं. या वर्षी गोलकीपरवर लिहिते. संपादकांनी "दिवाळी अंकात फुटबॉल?" असं विचारलं. मी म्हटलं, मी कोल्हापूरची आहे.

ज्यांना यातलं काही कळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उभा महाराष्ट्र क्रिकेट खेळतो तेव्हा कोल्हापुरात तालमी फुटबॉल खेळतात. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठांमधून घोषणा ऐकू येतात. माझे काका मला खांद्यावर बसवून न्यायचे. तिथे मी लहानपणीच एक गोष्ट पाहिली होती. फॉरवर्डने चार संधी मातीत घालवल्या आणि पाचवीत गोल केला तर त्याला खांद्यावर घेतात. गोलीने चार वाचवले आणि पाचवा सुटला तर त्याच्या आईचा उद्धार होतो. तेव्हा मला ते स्वाभाविक वाटायचं. गोली म्हणजे चुकणाराच कुणीतरी, अशी काहीतरी समजूत होती.

ती समजूत मोडली ६ एप्रिल २०१८ च्या रात्री.

पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाची पात्रता फेरी चालू होती. साउदॅम्प्टनच्या सेंट मेरीज मैदानावर २५ हजारांवर प्रेक्षक होते. इंग्लंडच्या बायका तेव्हा जागतिक क्रमवारीत दुसऱ्या, सगळ्या पूर्णवेळ व्यावसायिक, आणि नवे प्रशिक्षक फिल नेव्हिल यांचा हा पहिलाच स्पर्धात्मक सामना. समोर वेल्स. वेल्सच्या गोलमध्ये लॉरा ओ'सलिवन. वय २६, कार्डिफची, नोकरी सांभाळून खेळणारी. सामन्याआधीच्या गप्पांत कुणीही तिचं नाव घेतलं नव्हतं. सगळे विचारत होते, इंग्लंड किती घालणार?

आमच्या सोफ्यावर मी आणि माझी मुलगी मुक्ता, दोघीच. मुक्ता तेव्हा अकरा वर्षांची, इथल्या मुलींच्या संघात गोलमध्ये उभी राहायची. ती सामना पाहत नव्हतीच, ती फक्त लॉराला पाहत होती. कॅमेरा दुसरीकडे गेला की वैतागायची.

गोलकीपरकडेच बघत राहिलं की खेळ वेगळा दिसतो. चौकट चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच. हात पसरून उभी राहिलेली बाई त्यातला केवढासा भाग झाकणार? म्हणून ती चौकटीत थांबत नाही, चेंडूच्या दिशेने दोन-तीन पावलं पुढे येते. चेंडू जवळ असताना ती जितकी पुढे येईल तितकी मारणारीला चौकट लहान दिसते. पण जास्त पुढे आली तर चेंडू डोक्यावरून जातो. म्हणजे नव्वद मिनिटं बाई पावलं मोजत असते. दोन पुढे, एक मागे, अर्धं डावीकडे. चेंडू पलीकडच्या टोकाला असतानाही तिचं हे चालूच. उडी मारणं हा शेवटचा भाग, आणि पुष्कळदा उडी मारावी लागली याचा अर्थ आधीचं पाऊल चुकलं. मुक्तानेच हे मला शिकवलं. कोल्हापुरात इतकी वर्षं सामने पाहून मला फक्त उड्या दिसल्या होत्या.

त्या रात्री चेंडू जवळजवळ पूर्ण वेळ इंग्लंडकडे होता. वेल्सच्या प्रशिक्षक जेन लडलो यांनी सगळ्यांना मागे, गोलसमोर दाटीवाटीने उभं केलं होतं. कोपऱ्यांवरून चेंडू येत होते, आणि एवढ्या गर्दीतून वाट काढत लॉरा ते घेत होती. काही मुठीने ढकलले, काही पोटाशी धरून खाली पडली. पडल्यावर ती लगेच उठत नसे. चेंडू छातीखाली धरून दोन क्षण गवतावर तशीच. मुक्ता म्हणाली, "आई, ती सगळ्यांना श्वास घेऊ देतेय."

शेवटी ०-०. दुसऱ्या दिवशी सगळीकडे लॉराचं नाव होतं. बरोबरीतला सामना, कुणी गोल केला नाही, आणि नाव झालं ते गोलकीपरचं. हे मी पहिल्यांदा पाहत होते.

इंग्रजीत याला क्लीन शीट म्हणतात, आपल्याकडे कोरी पाटी म्हणता येईल. त्या फेरीत वेल्सची पाटी कोरीच राहिली. कझाकस्तानविरुद्ध दोनदा, रशियाविरुद्ध दोनदा, बॉस्नियाविरुद्ध दोनदा आणि इंग्लंडविरुद्ध एकदा. सात सामने, पाच विजय, दोन बरोबऱ्या, खाल्लेले गोल शून्य. लक्षात घ्या, वेल्सने सातांत मिळून केलेले गोलही सातच. त्या संघाकडे फार गोल करणाऱ्या नव्हत्या. एक घालायचा आणि तो जपायचा, असा गरिबाचा संसार होता तो. त्या संसाराच्या किल्ल्या लॉराच्या कमरेला.

आणि अशा तऱ्हेने ऑगस्टअखेर वेल्स गटात पहिलं होतं, इंग्लंडच्या एक गुण पुढे. वेल्सचा शेवटचा सामना इंग्लंडशी, तोही आमच्या न्यूपोर्टमध्ये, रॉडनी परेडवर. जिंकलं तर थेट विश्वचषक. वेल्सच्या महिला तोपर्यंत कुठल्याच मोठ्या स्पर्धेला गेल्या नव्हत्या.

आता थोडं मागे जाते, कारण त्या संध्याकाळचं वजन त्याशिवाय कळणार नाही. पहिल्या महायुद्धात कारखान्यांत गेलेल्या बायकांनी या देशात फुटबॉल सुरू केला आणि लोक तो बघायला तुफान येऊ लागले. १९२० च्या बॉक्सिंग डेला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांच्या सामन्याला ५३ हजार लोक होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने बायकांना आपल्या क्लबांची मैदानं वापरायला बंदी केली. वेल्सच्या संघटनेने १९२२ मध्ये तोच कित्ता गिरवला. ही बंदी इथे १९७० पर्यंत होती. पन्नासला दोन कमी! त्यानंतरही संघ जमला तो बायकांनी स्वतःच जमवलेला. वेल्सच्या संघटनेने महिला संघ आपला म्हणून चालवायला घेतला तो १९९३ मध्ये, आणि तोही मिशेल ॲडम्स, कॅरन जोन्स आणि लॉरा मॅकॅलिस्टर या तिघी खेळाडू सरचिटणीसांसमोर जाऊन बसल्या तेव्हा. यातल्या मॅकॅलिस्टर पुढे प्राध्यापक झाल्या आणि आज युरोपीय फुटबॉल संघटनेच्या उपाध्यक्ष आहेत. मला या तिघींच्या त्या बैठकीबद्दल फार कुतूहल आहे. आपल्याला खेळू द्या हे सांगायला कुठले कपडे घालून गेल्या असतील?

तर ३१ ऑगस्ट २०१८. रॉडनी परेड भरलेलं. आमच्यापुढे एक आजी बसल्या होत्या, लाल टोपी घातलेल्या, आणि सुरुवातीपासून त्यांच्या डोळ्यांत पाणी. वेल्श राष्ट्रगीत मला निम्मं येतं, मुक्ताला शाळेमुळे पूर्ण. मध्यंतरापर्यंत ०-०. पाटी अजून कोरी.

मग बारा-पंधरा मिनिटांत सगळं संपलं. टोनी डगन, जिल स्कॉट, निकिता पॅरिस. तीन गोल. सात सामने जे घडलं नव्हतं ते एवढ्याशा वेळात तीनदा घडलं. सात गटांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी चौघांना प्ले-ऑफ मिळायचा होता, त्यातही वेल्स बसलं नाही. आठ सामन्यांत तीन गोल खाऊन घरी.

तिसऱ्या गोलनंतर लॉराने जाळ्यातून चेंडू उचलला आणि मधल्या वर्तुळाकडे लाथ मारून पाठवला. प्रत्येक गोलनंतर गोलकीपरलाच वाकावं लागतं. मला ते बघवेना. मुक्ता मात्र नजर न हलवता बघत होती.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे जी लिहावी की नाही यावर दोन रात्री गेल्या. त्याच हिवाळ्यात मुक्ताचा एक सामना होता. चिखल, तिरका पाऊस, काठावर छत्र्या घेऊन आम्ही पालक. तिच्या संघाने पाच गोल खाल्ले. चार तर असे होते की कुणीही काही करू शकलं नसतं. पाचवा हातातून निसटला, ओल्या हातमोज्यांतून साबणासारखा. घरी येताना गाडीत मी हीटर लावला, मागे वळून तिला टॉवेल दिला आणि म्हटलं, "अगं, तो एक तरी अडवायला हवा होतास."

बस, एवढंच. त्यात राग नव्हता. शाहू स्टेडियमवर हजारदा ऐकलेलं वाक्य होतं, तोंडातून आलं. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिने प्रशिक्षकांना सांगितलं की मला बचावफळीत खेळव. त्यानंतरच्या वर्षी गुडघा दुखतो म्हणाली, मग परीक्षा, मग लॉकडाऊन आला. हातमोजे माळ्यावर गेले. मी इतरांना सांगायचे, मुलींचे छंद बदलतात हो या वयात. साउदॅम्प्टनची रात्र तिच्याइतकीच मीही पाहिली होती, आणि तरी मी ते वाक्य बोलले.

वेल्सचं रडगाणं पुढेही चालूच होतं. २०१९ मध्ये याच न्यूपोर्टमध्ये नॉर्दर्न आयर्लंडशी २-१ अशी आघाडी होती आणि भरपाई वेळेत बरोबरीचा गोल झाला. परतीचा सामना ०-०. शेवटी दोघांचे गुण सारखे, पण आपसातल्या सामन्यांत परक्या मैदानावर केलेल्या गोलांवर ते पुढे आणि युरो २०२२ हुकलं. मग २०२३ च्या विश्वचषकासाठी प्ले-ऑफ. ऑक्टोबर २०२२, कार्डिफमध्ये बॉस्नियाविरुद्ध जादा वेळेत जेस फिशलॉकने हवेतल्या हवेत मारलेला गोल अजून डोळ्यांसमोर आहे. पाच दिवसांनी झ्युरिकला स्वित्झर्लंडविरुद्ध. गोलमध्ये लॉराच, आता ३१ ची. वेल्सने पहिला गोल केला, स्विसनी फेडला, जादा वेळही संपत आला, पेनल्टी शूटआउटची तयारी मनात सुरू झाली, आणि १२१ व्या मिनिटाला फॅबिएन हुमने चेंडू जाळ्यात ढकलला. तेवढीच मिनिटं उरली असती तर पेनल्टींना लॉरा समोर होती. माझा जीव त्यातच अडकला आहे.

त्यानंतर गोल ऑलिव्हिया क्लार्ककडे आला. दहा वर्षांनी लहान, व्यावसायिक, तेव्हा नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे संघाची. दरम्यान दिवसही बदलले. २०२३ च्या जानेवारीत वेल्सच्या पुरुष आणि महिला राष्ट्रीय संघांना सारखं मानधन मिळू लागलं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्ले-ऑफ, या वेळी आयर्लंडविरुद्ध, कार्डिफला सोळा हजारांवर लोक. वेल्सने आघाडी घेतली. मग आयर्लंडच्या रुएशा लिटलजॉनने लांबून मारलेला चेंडू चौकटीवर आदळून परत आला तो क्लार्कच्या अंगावर लागून आत गेला. नोंदवहीत तो क्लार्कच्या नावावर स्वयंगोल आहे. बघा म्हणजे, तिने उडी मारली, चेंडू तिला चुकवून गेला, चौकटीने तो अडवला आणि पाठीमागून येऊन तिच्याच नावावर चढला! या कामात असले हिशोब असतात.

चार दिवसांनी, ३ डिसेंबरला, डब्लिनमध्ये वेल्स २-१ ने जिंकलं. हॅना केनची पेनल्टी, कॅरी जोन्सचा गोल, मग ८६ व्या मिनिटाला आयर्लंडचा एक, आणि पुढची मिनिटं मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले कारण बघण्याची ताकद नव्हती. क्लार्कने ती निभावली. वेल्सच्या महिला पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेला निघाल्या. ज्या लॉराने सात सामने दार लावून धरलं, ती दार उघडलं त्या रात्री मैदानात नव्हती.

उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या संघाची यादी आली तेव्हा आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अचानक फुटबॉलचं प्रेम उफाळून आलं, कारण तीन गोलकीपरांत एक साफिया मिडलटन-पटेल होती, मँचेस्टर युनायटेडची. "आपली आहे का हो?" असं सात जणांनी विचारलं. आपल्याला आडनाव दिसल्याशिवाय खेळ दिसत नाही, माझ्यासकट.

गट कसा होता ते भाऊजींना मी त्या रात्री सांगितलं नाही, इथे सांगते. गतविजेते इंग्लंड, त्याआधीचे विजेते नेदरलँड्स, आणि फ्रान्स. त्यातल्या इंग्लंडने पुढे दोन आठवड्यांनी पुन्हा चषक जिंकला. वेल्सने तीन सामन्यांत तेरा गोल खाल्ले आणि दोन केले. त्यातला पहिला, फ्रान्सविरुद्धचा, ३८ वर्षांच्या फिशलॉकचा. आधी ऑफसाइड म्हणून झेंडा वर गेला आणि मग व्हीएआरने तो मान्य केला. पुढे ४-१ हरलो, पण त्या एका गोलला आमच्या गल्लीत लोक घराबाहेर आले होते. सात शून्यं घेऊन २०१८ चा संघ घरी बसला आणि तेरा गोल खाणाऱ्या संघाचं स्वागत झालं. मला यात तक्रार नाही. क्लार्क आणि तिच्या मैत्रिणी तिथे पोचल्या हेच मोठं. फक्त स्कोअर बघून गोलकीपरला नावं ठेवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

त्या रविवारी, सहावा गोल झाल्यावर, भाऊजी पुलाचा विनोद दुसऱ्यांदा करत होते. मुक्ता जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. सात वर्षांत माझ्याबरोबर तिने एक सामना धड पाहिला नव्हता. ती म्हणाली, "काका, चेंडू गेला तिकडे नका बघू. ती कुठे उभी होती ते बघा. बरोबर जागी होती." मग माझ्याकडे न बघता, मराठीत, हळूच म्हणाली, "प्रत्येक गोल अडवता येत नाही, आई."

मी कढीचं पातेलं उचलून आत गेले. गाडीतल्या त्या वाक्याबद्दल मी तिची माफी मागितली ती रात्री दीड वाजता, तिच्या खोलीच्या दारात उभी राहून, आणि नीट मागता आली नाही. "कुठलं वाक्य?" असं ती म्हणाली. तिला आठवत होतं. मला कळतं.

सप्टेंबरात ती युनिव्हर्सिटीला गेली. परवा फोन आला. हॉस्टेलच्या मुलींनी संघ काढलाय, सगळ्यांना पुढे खेळायचंय, गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नाही. "माळ्यावर माझे हातमोजे असतील का?"

असतील म्हटलं. शिडी लावून वर गेले, तर पिशवीत होते. रबर चिकटून दोन्हींचा एकच गोळा झालेला, आणि माप अकरा वर्षांच्या हाताचं. फोटो काढून पाठवला. तिने हसण्याची चित्रं पाठवली आणि नव्यांची किंमत विचारली.